मालनच्या ओटीतला धोंडू

तुम्ही नर्स कशा झालात, असं मालनला कुणी विचारलं की ती म्हणायची, "मी कुठे झालंय, मला केलानी." आणि ते खरंच होतं. जयगडच्या खाडीवर जन्मलेली, नाटे गावी दिलेली, तिसरी यत्ता होताच शाळेला रामराम ठोकलेली ही बाई एकोणीसशे एकतीस साली रत्नागिरीत पांढरं लुगडं नेसून, त्यावर ॲप्रन बांधून, बाकावर बसून मुलांच्या दुखण्यांचे धडे घेईल, असं तिच्या पत्रिकेत कुठल्याही भटाला दिसलं नसतं. पुढे बरीच वर्षं ती त्याच इस्पितळात राहिली. पण आपण इथे कशा आलो हे कोडं तिला कधी सुटलं नाही, आणि ते सोडवायला तिला सवडही मिळाली नाही.

तिचा नवरा रामा बोटीवर खलाशी. तो एकदा गेला की दोन-दोन वर्षं घरी फिरकत नसे. मालनला दोन मुलं झाली. मुलगी पाळण्यातच गेली. मुलगा बाळा अंगणात दुडदुडायला लागला, कोंबड्यांच्या मागे धावायला लागला, आणि मुदतीच्या तापाने गेला. सासूने तिला बोल लावला नाही, ती बाई वाईट नव्हती. पण घरात कुणाचं बारसं निघालं, कुणाची ओटी भरायची झाली, की मालनला नेमकं मागीलदारी काम आठवायचं. जा असं कुणी म्हणत नसे, ती आपली आपण उठून जाई. थांब असंही कुणी म्हणत नसे.

एका पावसाळ्याच्या अखेरीस तिचा भाऊ सखाराम नाट्याला आला. तो रत्नागिरीत एका लहानशा धर्मादाय इस्पितळात शिपाई होता. बहिणीची दशा पाहून म्हणाला, "हय बसून भिंती बघत रवतेस, त्यापरीस चल माझ्यासंगात. इस्पितळात आया पायजे हाय." सासू म्हणाली, जाऊ दे. मालन शिडाच्या मचव्यात बसून आली आणि आया म्हणून लागली.

तिथेही ती सुखाने आयाच राहिली असती. पण इस्पितळाच्या डॉक्टरांच्या डोक्यात आलं की फार आजारी मुलांसाठी वेगळा वॉर्ड हवा. मुलांना मोठ्या माणसांच्या खोलीत ठेवून कुणाचंच धड होत नव्हतं. वॉर्ड झाला, लहान पलंग आले, आणि मग लक्षात आलं की सांभाळणार कोण? तेव्हा नगरकडून एक शिकलेली ख्रिस्ती सिस्टर आणली आणि वर्ग काढायचं ठरलं. गावातल्या बायका काही केल्या येईनात. परक्यांच्या पोरांचं हगणं-मुतणं करायला शिकायचं काय, असं त्यांचं म्हणणं. कशाबशा तिघी मिळाल्या. चौघींशिवाय वर्ग म्हणायचा कसा म्हणून मालनच्या हातातला झाडू काढून घेतला आणि तिला बाकावर बसवलं. वर्गातली कमळा म्हणून एक फटकळ तोंडाची बाई होती. ती म्हणाली, "बरा झाला आलीस. आता नापास होयाला कोनतरी सोबत हाय."

वर्ग भरे मागच्या पडवीत. शिकायला एक मांजरपाटाची बाहुली होती, आत काथ्या भरलेली. तिला आंघोळ घाल, तिचं अंग ओल्या फडक्याने पूस, तिला कुशीवर वळव, तिच्या काखेत ताप बघायची काचेची नळी धर. मालन हे सगळं मन लावून करी. एकदा नाडी मोजायची म्हणून ती बाहुलीचं मनगट धरून इतका वेळ बसली की तिच्या डोळ्यांत पाणी आलं. कमळा शेजारून म्हणाली, "मेली असंल गो. डॉक्टरांना बोलव." सिस्टरबाईंनी दोघींना उभं केलं.

सिस्टरबाई कडक होत्या, पण आकस धरणाऱ्या नव्हत्या. मालनला त्यांचं बोलणं कळायचं, अर्थ लागायचा नाही. त्या सांगत, मूल आईसारखं सांभाळायचं, पण आई व्हायचं नाही. मायेने करायचं, पण माया लावायची नाही. मालनने एकदा धीर करून विचारलं, "सिस्टरबाई, ही दोन्ही एकदम कशी करायची?"

"सवयीने," सिस्टरबाई म्हणाल्या आणि फळ्याकडे वळल्या.

आणखीही नियम होते. मुलाच्या माणसांपाशी स्वतःच्या घरचं काढायचं नाही. चेहरा हसरा ठेवायचा. त्यांच्याकडून काही घ्यायचं नाही, त्यांना कसला शब्द द्यायचा नाही. आणि मुलांच्या आयांना वॉर्डात घ्यायचं नाही. त्यांनी संध्याकाळी दारातून बघायचं आणि जायचं. कारण आई म्हटली की पदराआडून काहीतरी भरवणारच. मुदतीच्या तापात आतडं ओल्या कागदासारखं झालेलं असतं, भाताचं शीतसुद्धा त्याला भारी. अशा एका लाडवापायी गेलेलं मूल आपण पाहिलंय, असं सिस्टरबाई सांगत, तेव्हा त्यांचा आवाज बदलायचा.

याच तापाचा एक धडा मालन जन्मात विसरली नाही. सिस्टरबाई सांगत होत्या, हा ताप उतरतो तो हळूहळू, पायरी-पायरीने. एकदम उतरला, अंग गार पडलं, तर आनंद मानू नका. नाडी बघा. नाडी पळत असेल तर आत रक्त चाललंय असं समजा. मुलाला तसंच पडू द्या, हलवू नका, तोंडात काही घालू नका, डॉक्टरांना हाक मारा.

मालन उठून उभी राहिली. "आणि तेव्हा कुणी पोराला उचललान तर?"

"तर अपाय वाढेल."

"सगळ्यांनी घेतलानी तर? ह्याच्या मांडीवरनं त्याच्या मांडीवर?"

ही असं का विचारते आहे हे सिस्टरबाईंना कसं कळावं? त्या म्हणाल्या, "मग मूल हाती लागणं कठीण."

मालन खाली बसली. बाळाचं अंग गार लागलं तेव्हा नाट्याच्या घरात सगळ्यांना केवढा आनंद झाला होता. सासूने देवापुढे साखर ठेवली, शेजारणी आल्या, प्रत्येकीने त्याला मांडीवर घेतलं, कुणी अंगणात कोंबड्या दाखवायला नेलं. सूर्य कलताना तो गेला. आजवर मालन समजत होती की आपल्या कपाळातच ते होतं. आता वर्गात सांगत होते की ते आतड्यात होतं. कपाळात असतं तर कुणाचाच दोष नव्हता. आतड्यात होतं, तर मग त्या सगळ्या मांड्यांचं काय करायचं? तिला राग आला, पण कुणाचा ते ठरेना. त्या दिवशी ती जेवली नाही आणि का जेवली नाही ते कुणाला सांगितलंही नाही.

अशातच गंगा आली.

गंगा संगमेश्वराकडच्या एका वाडीवरची. नवरा मुंबईत गिरणीत. तिची आधीची तिन्ही मुलं गेली होती, म्हणून चौथ्याचं नाव धोंडू ठेवलं होतं, नाक टोचून. दगडाला कोण कशाला नेईल, या हिशेबाने. तो पाच वर्षांचा झाला आणि तापाने अंथरुणाला लागला. दीर भागोजी गाडी जुंपून दोघांना घेऊन आला. डॉक्टरांनी धोंडूला तपासलं, मुदतीचा ताप म्हणाले, ठेवावं लागेल म्हणाले, बरेच दिवस लागतील म्हणाले, आणि दुसऱ्या रोग्याकडे गेले. आईला आत बसता येणार नाही हे सांगायचं काम मालनवर आलं.

भागोजी लगेच म्हणाला, "मग हय ठेवून काय करायचा? भगताकडं नेऊया. आधीच सांगत हुतो."

गंगेचं त्याच्याकडे लक्ष नव्हतं. ती मालनकडे बघत होती. मालनच्या कडेवर वॉर्डातलंच एक बरं होत आलेलं पोर होतं, दुसरं तिच्या निरीला धरून उभं होतं. गंगेने विचारलं, "तुजी पोरं बरी हायत ना गो बाय?"

मालनला बाळा आठवला. पण नियम ताजा होता: घरचं काढायचं नाही, चेहरा हसरा ठेवायचा. तिने तो ठेवला. म्हणाली, "ता रवदे. तू तुझ्या धोंडूचा बघ."

झालं. जिभेवरून शब्द सुटला आणि त्याच क्षणी मालनला कळलं की आपण काय करून बसलो. कारण ती त्याच मुलखातली होती. आमच्याकडे ज्या बाईचा पाळणा भरलेला असतो ती मुलांचं बोलत नाही. किती, कशी, विचारा, ती हसून दुसरंच काढील. दृष्ट लागेल ना! ज्यांची गेलेली असतात त्याच नावानिशी सांगतात. सिस्टरबाईंनी शिकवलेलं गप्प राहणं आणि लेकुरवाळीचं गप्प राहणं दिसायला तंतोतंत एक. गंगेच्या चेहऱ्यावर उजेड पडला. हिची पोरं जगतात, चांगली भरपूर असावीत, एवढं तिला त्या हसण्यावरून पक्कं समजलं.

तिने मालनच्या कडेवरचं पोर खाली उतरवलं आणि तापाने फणफणलेला धोंडू उचलून तिच्या ॲप्रनवर घातला. "आजपासनं ह्यो तुजा. माजा नाय. मी ह्याची कोन नाय." मग दिराकडे वळून म्हणाली, "ह्या बायनी वटीत घेतलान तर ठेवतंय. नायतर जुंप गाडी."

नाट्यालाही हे करतात. ज्या घरावर मरणाची नजर बसली आहे त्या घरचं मूल, जिची मुलं जगतात अशा बाईच्या ओटीत द्यायचं. म्हणजे मागावर आलेल्याला घर सापडत नाही. घेणारीने फक्त 'घेतला' म्हणायचं. मालनने खरं सांगायला तोंड उघडलं. बाय, चुकतेस गो, माझी ओटी तसली नव्हे, माझं एकही राहिलं नाही. एवढंच सांगायचं होतं. पण सांगितलं की गाडी जुंपली जाणार, गाडीत हिसके बसणार, आणि मधल्या घाटीतच पोर आटोपणार. धोंडूचं डोकं तिच्या छातीशी होतं, त्याची धग कापडातून लागत होती. भागोजीने बैलांच्या दाव्याला हातही घातला होता.

"घेतला," मालन म्हणाली.

म्हणाली खरी, पण मग जी घालमेल सुरू झाली ती काही थांबेना. मुलाच्या माणसांकडून काही घ्यायचं नाही, शब्द द्यायचा नाही, हा वर्गाचा नियम तिने मोडला होता. आणि रीत तर त्याहून मोडली होती. जिच्या ओटीतून दोन गेली तिने तिसरं घेतलं होतं, फसवून. ओटीने कुणी मरत नाही, ताप मारतो, हे ती शिकली होती. शिकली होती, पण तिला पटलं होतं का? धोंडूला काही झालं तर ते तापाने झालं असं तिला वाटणार होतं का? तिने मनाला दहा वेळा विचारलं. मन एकदा हो म्हणे, एकदा नाही म्हणे.

गंगा गेली नाही. ती इस्पितळाच्या आवारात उंडीच्या झाडाखाली बसून राहिली, वॉर्डाकडे पाठ करून. संध्याकाळी बाकीच्या मुलांच्या आया दाराशी गर्दी करत, ही ढिम्म हलत नसे. सिस्टरबाई खूश झाल्या. म्हणाल्या, "बघा, खेड्यातली बाई, पण नियम कसा पाळते." कमळा मालनच्या कानाशी लागली, "नियम कसला, डोंबलाचा? ती रुसलीय कुनावर?"

धोंडू मात्र आईसाठी झुरत होता. आधी तो रडला, मग भांडला, मग गप्प झाला. गप्प झाला ते वाईट होतं. पाणी घालून पातळ केलेलं दूध चमच्याने पाजायला गेलं की भिंतीकडे तोंड करी. नळीतला पारा वर आणि पोर दिवसेंदिवस खाली. शेवटी सिस्टरबाईंनीच आपला नियम बाजूला ठेवला आणि आईला आत बोलावलं. कमळा निरोप घेऊन गेली आणि हात हलवत परत आली. "येत नाय म्हनते. कुनाचा पोर, म्हनते. त्याच्या आयेला इचारा, म्हनते."

सिस्टरबाई थक्क झाल्या. "डोकं फिरलं की काय हिचं?"

तेव्हा मालनने सगळं सांगितलं. ओटीचं सांगितलं, 'घेतला' म्हटल्याचं सांगितलं, आणि आपली दोन्ही गेल्याचंही सांगितलं. ते सिस्टरबाईंना माहीत नव्हतं. त्यांनीच तर घरचं काढू नका म्हणून शिकवलं होतं. त्या खुर्चीवर बसल्या. मग म्हणाल्या, "नर्सने खोटं बोलू नये. जा, तिला खरं सांग." मालन दारापर्यंत गेली तोच मागून हाक आली. "थांब. खरं सांगितलंस तर ती काय करील?"

"उचलून नेईल. लेकुरवाळी शोधायला."

"मग नको सांगू." त्या उठल्या. "पण खोटं ते खोटंच." त्या पुन्हा बसल्या. "त्याला कुणीतरी पाजायला तर हवं. तूच जा. आई होऊन पाज."

"पण वर्गात तर तुमी—"

"वर्गातलं मला सांगू नकोस," सिस्टरबाई म्हणाल्या. शहाणी माणसंही अशी चक्रावतात हे पाहून मालनला बरं वाटायला हवं होतं. उलट ती घाबरली, कारण आजवर आपल्याला नाही तरी सिस्टरबाईंना सगळं माहीत आहे, या आधारावर ती उभी होती.

ती धोंडूजवळ जाऊन बसली. चमचा ओठांना लावला. त्याने डोळे न उघडता हाक मारली, "आये."

"ओ," मालन म्हणाली.

त्याने तोंड उघडलं. त्या दिवसापासून तो तिच्याच हातून घेऊ लागला. चमचा, हाक, ओ; चमचा, हाक, ओ. मालनला ते आवडलं. इतकं आवडलं की तिची तिलाच भीती वाटू लागली. हे आपलं नाही, हे आपल्याला चुकून मिळालेलं आहे, असं ती मनाशी घोकायची आणि पुढच्या हाकेला परत ओ द्यायची.

मग एका दुपारी अंग पुसताना तिच्या हाताला धोंडूचं कपाळ गार लागलं. तिचं काळीज आनंदाने उडालं आणि उडालेलं तिथेच गोठलं. हे गार तिने आधी पाहिलं होतं. तिने मनगट धरलं. या खेपेला मनगट बाहुलीचं नव्हतं, नाडी लागली, आणि ती अशी पळत होती की मोजता येईना. मालन ओरडली नाही. धोंडूला आहे तसाच राहू देऊन तिने कमळेला पिटाळलं.

डॉक्टर आले, मांडीत मिठाच्या पाण्याची सुई दिली. सखारामने बाहेरून दोन चिरे आणून पलंगाच्या पायथ्याकडच्या पायांखाली सारले, म्हणजे डोकं खाली राहावं. पोटावर गार फडकी. तोंडात थेंब नाही. धोंडू पाणी मागत होता आणि मालन त्याचे हात धरून बसली होती. पाणी न देणं हेच काम. सगळ्यात अवघड औषध तेच होतं.

फडकी बदलायला ती विहिरीवर निघाली, तर उंडीखालून गंगेने मान न वळवता विचारलं, "ताप उतरला म्हनत धावत गेली ती तुमची बाय. खरा काय?"

मालन थांबली. आता सांगायलाच हवं होतं. पोर मेलं तर ही जन्मभर म्हणेल, मी चांगल्या ओटीत दिला होता तरी गेला. तिला तरी निदान खरं कारण कळायला नको का? पण खरं कारण कुठलं, हेच तर मालनला ठाऊक नव्हतं. "गंगाबाय, तुला एक सांगायचा हाय," तिने सुरुवात केली.

"पोराचा मला काय सांगू नको," गंगा म्हणाली. "मी त्याची कोन? तुजी जगली तसा ह्यो जगंल." आणि तिने पदर डोक्यावरून आणखी पुढे ओढला. तिची पाठ हलत होती.

मालन ओली फडकी घेऊन आत आली. तिला स्वतःची लाज वाटली. इतकी लाज तिला सासरच्या मागीलदारी उभं राहतानाही कधी वाटली नव्हती.

दिवेलागणीला नाडी जरा सावकाश झाली. दुसऱ्या दिवशी ती भरली. मग ताप पुन्हा थोडा आला आणि शिकवल्याप्रमाणे पायरी-पायरीने उतरत गेला. डॉक्टर म्हणाले, वेळेवर कळलं म्हणून वाचला. सिस्टरबाई म्हणाल्या, देवाची कृपा. कमळा म्हणाली, पोरगं मुळातच धोंडा. मालनला प्रत्येकाचं पटायचं आणि दुसऱ्याचं ऐकलं की पहिल्याचं पटेनासं व्हायचं. परीक्षेत डॉक्टरांनी तिला या तापातल्या धोक्याची खूण विचारली, ती तिने धडाधड सांगितली आणि पास झाली. मूल कशाने वाचतं, असं नशिबाने त्यांनी विचारलं नाही.

धोंडू भिंतीला धरून चालायला लागला तेव्हा त्याला घरी सोडायचं ठरलं. त्या सकाळी गंगा प्रथमच पायरीपर्यंत आली. तिच्या मुठीत भाताचा कोंडा होता. ओटीत दिलेलं मूल असंच परत घेता येत नाही, ते मूठभर कोंड्याला विकत घ्यावं लागतं, आणि परत देणारीला म्हणावं लागतं, माझी जगली तसं तुझं जगो. त्याशिवाय व्यवहार पुरा होत नाही. भागोजी गाडीपाशी उभा होता. धोंडू मालनचं बोट धरून दारात उभा होता, पाय काटक्यांसारखे.

गंगेने कोंडा पुढे केला आणि वाट पाहिली. मालनच्या तोंडून ते वाक्य निघेना. आता पोर बरं होतं, नाडी ठीक होती, म्हटलं असतं तर कुणाचं काय बिघडलं असतं? पण त्या तोंडाने तिने त्या पोराला ओ दिली होती. त्याच तोंडाने त्याच्यावर खोटा आशीर्वाद घालणं तिच्याच्याने होईना.

"गंगाबाय," ती म्हणाली, "माझी जगली नाय. दोन होती. एक पाळण्यात गेली. दुसरा ह्याच तापानं."

गंगा नुसती बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर आधी काहीच नव्हतं, मग राग आला, मग तो कुठे ठेवावा ते तिला सुचेना. "आनि मी इचारला तवा हसलीस," ती म्हणाली.

"तसा शिकवलेला होता."

"आनि घेतला म्हनालीस."

"तू गाडी जुंपत होतीस."

भागोजी काहीतरी बोलायला पुढे आला, तिने त्याला हाताने थोपवलं. ती धोंडूकडे बघे, मालनकडे बघे, परत धोंडूकडे बघे. ओटी वाईट, पोर तर जितं. काहीतरी जुळत नव्हतं आणि ती ते जुळवत होती. तिचे ओठ हलत होते. मालनला वाटलं, आता ही शिव्या देईल, आणि देऊ दे.

"म्हंजे," गंगा हळूच म्हणाली, "तुज्या वटीत जगलेला ह्यो पयलाच?"

मालनने होकाराची मान हलवली.

गंगेने मुठीतल्या कोंड्याकडे पाहिलं. मग तो पुन्हा पदराच्या टोकात बांधला, गाठ मारली, दातांनी आवळली. "मग मी इकत कशी घेऊ?" ती म्हणाली. "तुजा एक जगला, तोबी मी मूठभर कोंड्याला नेऊ? माज्याच्यानं नाय व्हनार ता. मी पोसायला नेतंय. ह्यो तुजाच."

मालनला काही कळत नव्हतं. एवढंच कळत होतं की आपण रडतो आहोत आणि आपल्याला फार बरं वाटतं आहे.

"धोंडू," गंगा म्हणाली, "आयेच्या पाया पड."

पोर गोंधळलं. ते गंगेकडे वळलं, मग मालनकडे, मग पुन्हा गंगेकडे. गंगेने त्याच्या पाठीवर हात ठेवून त्याला हलकेच फिरवलं. तेव्हा ते वाकलं आणि मालनच्या पावलांवर त्याने डोकं टेकलं.